पाळणाघराची फी आणि वर्माजींचा सत्कार

दिवे लागल्यावर पैशाची देवघेव करायची नाही. उंबरठ्यात उभं राहून तर मुळीच नाही. मंगळवारी-शुक्रवारी लक्ष्मी घराबाहेर काढायची नाही. आणि हे सगळं का, असं आजीला विचारायचं नाही.

हा आमच्या घरचा कायदा. शेवटचं कलम सगळ्यात कडक. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "का गं आजी?" उत्तर मिळालं, "का म्हणजे? नाही म्हणजे नाही!" पुढे मी एम.कॉम. झाले, पण या विषयात माझं शिक्षण तिथेच थांबलं.

तुम्ही म्हणाल, असेनात का घराचे नियम, तुझं काय बिघडलं? अहो, बिघडलं म्हणजे! माझं पाळणाघर आहे! पाळणाघरातून पोरं घरी न्यायची वेळ कोणती? दिवेलागणीची! न्यायला आलेले आईबाप उभे कुठे राहतात? उंबरठ्यात! आता तुम्हीच सांगा, मी फी घ्यायची कधी?

या एका फीपायी मी चारचौघांत स्वतःचं जे काही करून घेतलं ना, ते आज सांगूनच टाकते. चहा घ्या आधी. हसताना सांडलात तर कप तुम्ही धुवायचा.

तर उज्जैनमधल्या आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत माझं पाळणाघर. नऊ पोरं, मदतीला एक बाई, आणि दुपारी जमिनीवर भैरवगढच्या छापाच्या चादरी टाकून त्यावर नऊ पोरं ओळीने झोपवायची. म्हणजे आठ. एक कायम उठलेलं असतं. आईबाप नोकरीवाले नाहीतर दुकानवाले. माणसं चांगली. पोरं तर सोन्यासारखी. फी मागितली की मात्र सगळ्यांच्या अंगात एकदम धर्म संचारायचा.

आमचे वर्माजी घ्या. फ्रीगंज बाजारात त्यांचं साड्यांना मॅचिंग ब्लाउजपीसचं दुकान आहे. सकाळी पोराला सोडायला आले की मी म्हणायची, "वर्माजी, फीस?"

"मैडम, अभी तो बोहनी भी नहीं हुई!"

बरं. संध्याकाळी न्यायला आले की पुन्हा, "वर्माजी, फीस?"

"अब तो दीया-बत्ती हो गई, मैडम। माताजी नाराज होंगी।"

माताजी म्हणजे आमची आजी! आणि ती आतून ओरडायची, "बघ गौरे, परका माणूस, पण किती संस्कारी! नाहीतर तू!"

दुसऱ्या रश्मी वहिनी. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष नाना, त्यांची ही सून. ओम आणि सोम हे त्यांचे जुळे. त्या दोघांबद्दल एवढंच सांगते की एकदा दोघांनी मिळून आमच्या भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं होतं. कसं काढलं ते आजतागायत कळलेलं नाही. रश्मी वहिनी अगदी गोड हसून म्हणायच्या, "अगं, आज शुक्रवार ना! उद्या नक्की." उद्या यायच्या ते दिवे लागल्यावर.

यात भर बाबांची. बाबा वीज मंडळातून रिटायर झालेले आणि आता मंडळाच्या गणेशोत्सवाचे खजिनदार. माझं पाळणाघर म्हणजे त्यांच्या लेखी घरात साचलेलं पाणी. कधीतरी ओसरेल. मी फी किती घेते हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारलं तर धंद्याला मान्यता दिल्यासारखं होईल ना!

एका रात्री जेवताना त्यांनी फर्मान काढलं. "हे बघ गौरी, दुधाचे पैसे माझ्या पेन्शनीतून, बाईचा पगार तुझ्या आईच्या पगारातून. याला धंदा म्हणत नाहीत, अन्नछत्र म्हणतात. येत्या पाच तारखेपर्यंत सगळ्यांची फी तुझ्याकडे आली तर चालव. नाही आली, तर कुलूप लाव आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव. मी चौकशी करून आलोय."

"आली तर? मग परत बँकेचं नाव काढायचं नाही!"

"नाही काढणार. येतेय कशाला!"

असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी त्याच रात्री नियमावली लिहिली. एक ते पाच तारखेत फी. सहा तारखेला फी नसेल तर पोराला आत प्रवेश नाही. सबब चालणार नाही, मग ती कुठल्याही वाराची असो. आणि फी फोनवरून द्यायची! दाराच्या बाहेरच्या बाजूला क्यूआर कोडचं स्टिकर लावायचं, बाहेरच उभं राहायचं, स्कॅन करायचं, संपलं. ना हात, ना उंबरठा, ना दिवा!

आजीपुढे हा प्रश्न मी वकिलासारखा मांडला. तिने बराच विचार केला आणि निकाल दिला, "फोनमधली लक्ष्मी दिसत नाही. जी दिसत नाही, ती जाताना तरी कुणाला दिसणार? चालेल."

स्टिकर छापून घ्यायला मी तडक फ्रीगंजच्या प्रिंटिंगवाल्याकडे निघाले. दारातच बाबा म्हणाले, "चाललीच आहेस तर त्याच प्रिंटिंगवाल्याकडून माझंही पाकीट आण. मंडळाच्या वर्गणीचे स्टिकर टाकलेत छापायला."

हं! आता तुमच्यातले जे हुशार आहेत ते हसायला लागले असतील. हसा. मी तेव्हा हसत नव्हते, कारण मी तेवढी हुशार नव्हते.

दोन पाकिटं आणली. एक बाबांच्या कपाटात ठेवलं. दुसऱ्यातलं एक स्टिकर काढून दाराला चिकटवलं, वरून हाताने दाबून दाबून. स्टिकरच्या कोपऱ्यात छोटासा गणपती होता. मला वाटलं, प्रिंटिंगवाल्याने आपणहून टाकला असेल. उज्जैनमध्ये देवाचं चित्र नसलेला कागद मला दाखवा तुम्ही! इथे पंक्चरच्या दुकानाच्या पाटीवरही महाकाल असतो. उलट मला बरंच वाटलं, शुभ झालं म्हणून.

बरं, मी तपासलं नाही असं समजू नका. स्वतःच्या फोनवरून एक रुपया पाठवून पाहिला. वर नाव आलं, त्यात आमचं आडनाव दिसलं, खाली हिरवी खूण. झालं! पैसे गेले याचा आनंद एवढा, की ते आले कुठे हे बघायचं राहूनच गेलं.

आणि मंडळाचं वर्गणीचं खातं खजिनदाराच्या नावावर असतं. म्हणजे बाबांच्या. ही मंडळाची जुनी पद्धत. कुणी बदलायची नाही, कारण कुणी का म्हणून विचारायचं नाही.

एक तारीख उजाडली. आईबापांनी नियमावली वाचली, एकमेकांकडे पाहिलं, आणि चमत्कार बघा, बाहेर उभं राहून एकेकाने स्कॅन करायला सुरुवात केली. मी खिडकीतून बघत होते. इकडे मात्र माझ्या फोनवर शुकशुकाट. म्हटलं, बँकेचं सर्व्हर असेल. इथे वीज जाते तसं ते जातं.

तिकडे बाबा मात्र उड्या मारायचे बाकी होते. दोन तारखेला जेवताना म्हणाले, "यंदा कमाल आहे! अजून मागितली पण नाही, तर वर्गणी येऊन राहिली."

तीन तारखेला म्हणाले, "आज तर एका हिंदी भाषिकाने पाठवली! पस्तीसशे! श्रद्धा असावी तर अशी."

चार तारखेला तर त्यांनी ताट बाजूला सारून भाषणच सुरू केलं. "सगळ्यांनी एकच रक्कम! पस्तीसशे म्हणजे पस्तीसशे. ठरवून केल्यासारखं. याला म्हणतात एकजूट! तू शिक काहीतरी, गौरी. पाटी लावून पैसे येत नसतात, माणसाने प्रेम ठेवावं लागतं."

माझी फी किती? पस्तीसशे. पोरं किती? नऊ. वर्गण्या किती? बाबा बोटांवर मोजत होते, त्याही नऊ. आणि एम.कॉम. झालेली मी समोर बसून रागाने भाताचा गोळा चिवडत होते. डोक्यात एकच, की यांच्या गणपतीला लोक न मागता देतात आणि माझ्या दुधाला मागूनही देत नाहीत!

पाच तारीख गेली. माझ्या खात्यात एक रुपया नाही. स्वतःचा गेलेला तो वेगळा.

सहा तारखेला सकाळी मी लोखंडी जाळीचं दार आतून लावून घेतलं आणि कमरेला ओढणी खोचून उभी राहिले. पहिले वर्माजी आले, हाताला चिंटू.

"वर्माजी, फीस नहीं तो एंट्री नहीं."

"मैडम, फीस तो तीन तारीख को ही डाल दी!"

"मला आली नाही."

"ये देखिए, पेमेंट सक्सेसफुल।" त्यांनी जाळीतून फोन पुढे केला.

आता त्यावरचं नाव पूर्ण वाचायला नको होतं का? हवं होतं. वाचलं का? नाही! कारण खोटे स्क्रीनशॉट दाखवून दुकानदारांना कसं फसवतात, याचा व्हिडिओ मी आदल्याच दिवशी पाहिला होता. ज्ञान ताजं होतं. म्हटलं, "वर्माजी, ऐसे फोटो तो मैं भी बना लूँ! तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला शोभतं का?"

वर्माजींचा चेहरा असा उतरला, जसा धुतल्यावर ब्लाउजपीसचा रंग. चिंटूने भोकाड पसरलं. मागून रश्मी वहिनी आल्या, त्यांच्या फोनवरही हिरवी खूण. तिसऱ्या आल्या, हिरवी खूण. चौथ्या आल्या. मला तर खात्रीच पटली. हे सगळे एकत्र मिळालेत! एकानेच स्क्रीनशॉट बनवलाय आणि बाकीच्यांना वाटलाय!

"शर्म करा जरा!" मी जाळीतून ओरडले. "पोरांसमोर खोटं बोलता!"

"गौरी, तोंड सांभाळ हं!" रश्मी वहिनींचा गोडवा संपला. "मी काय तुझे पैसे बुडवायला बसलेय? माझी पावणेदहाची वेळ आहे ऑफिसची!"

"मग सासऱ्यांकडे ठेवा पोरं!"

आणि खरंच, त्या पाय आपटत ओम-सोमला घेऊन नानांकडे गेल्या. बाकीची पोरंही कुणी आजोबांकडे, कुणी दुकानात, कुणी शेजारी. नऊच्या नऊ परत गेली. पहिल्यांदाच त्या दोन खोल्या सकाळी शांत होत्या. मदतीची बाई विचारत होती, "दूध गरम करू का, ताई?" आणि मला रडू येत होतं. चादरींच्या घड्या तशाच ठेवलेल्या. वाटलं, संपलं. सोमवारपासून बँकेच्या क्लासमध्ये, नळाने किती वेळात टाकी भरते ते मोजत बसायचं.

आजी पाटावरून म्हणाली, "दारातनं पोरं परत पाठवलीस. हे कुठल्या नियमात बसतं?"

तिच्याशी वाद घालायचं त्राण नव्हतं, म्हणजे बघा.

त्याच संध्याकाळी आमच्या घरी मंडळाची बैठक होती. बाबांनी सकाळपासून बैठकीची खोली झाडून घेतलेली. एकेक काका येऊन बसले. शेवटी नाना आले. सदऱ्यावर शाईचे डाग, चष्म्याची एक काडी गायब, आणि दोन्ही हातांना ओम आणि सोम. एका दिवसात माणूस वर्षभराने म्हातारा दिसत होता.

मी पोह्यांवर शेव घालत होते. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "आमची सून म्हणते पैसे दिले. तू म्हणतेस नाही दिले. मी बायकांच्या भांडणात पडत नाही." आणि ओमने खेचलेलं धोतर सोडवायला लागले.

बाबा उभे राहिले. घसा साफ केला. "मंडळी, यंदा न मागता वर्गणी आली आहे. त्या जोरावर अध्यक्षांनी आणि मी ढोल-ताशाचं पथकही ठरवून टाकलं. आणि या कामी ज्या अमराठी सद्गृहस्थाने भरभरून दिलं, त्यांना मी आज मुद्दाम बोलावलं आहे. त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू या. गौरी, आतून नारळ आण!"

मी नारळ घेऊन बाहेर आले आणि बघते तर काय! दारात वर्माजी, हाताला चिंटू! बिचारे घाबरून आलेले. त्यांना वाटलं, फीचं प्रकरण वर गेलं आणि आता वडीलधाऱ्यांसमोर पेशी, म्हणजे सुनावणी आहे.

बाबांनी त्यांना हाताला धरून मधोमध बसवलं. नानांनी अंगावर शाल घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्माजी शालीतून एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. बाबा म्हणाले, "वर्माजी, दो शब्द कहिए. आपने इतनी श्रद्धा से पैंतीस सौ दिए!"

वर्माजींनी हात जोडले. "बाबूजी, शॉल रहने दीजिए। मैंने कोई श्रद्धा-व्रद्धा नहीं की। मैंने तो मैडम की फीस भरी है। बस कल से बच्चे को अंदर ले लीजिए।"

टाळ्या थांबल्या.

पस्तीसशे. नऊ वर्गण्या. कोपऱ्यातला गणपती. आमचं आडनाव. सगळं एकदम डोक्यात पडलं, वरच्या फळीवरून डबे पडावेत तसं. मी धावत दाराकडे गेले. एका हाताने त्या स्टिकरचा कोपरा खरवडून वाचलं. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, 'गणेशोत्सव वर्गणी'. मुंगीएवढ्या म्हणजे काय, चांगल्या मुंगळ्याएवढ्या. मीच वाचलं नव्हतं.

आणि माझं पाकीट? बाबांच्या समोर टेबलावर. घरोघरी वाटायला काढून ठेवलेलं. अजून एक दिवस मी गप्प राहिले असते, तर अख्ख्या मराठी समाजाची वर्गणी माझ्या पाळणाघराला आली असती! पण गप्प राहणं आपल्या नशिबात नाही.

मी परत खोलीत आले. वर्माजींची सगळ्यांदेखत माफी मागितली. म्हटलं, "वर्माजी, ग़लती मेरी. चिंटू उद्या सकाळी यायलाच हवा." मग बाबांकडे वळले. "बाबा, ते पैसे माझे आहेत. परत करा."

नानांनी डोळे मिटून मान हलवली. "गौरी बेटा, देवाच्या नावाने आलेला पैसा मागे जात नाही. आजवर गेलेला नाही."

"अहो, देवाच्या नावाने कुठे आला? ओम-सोमच्या नावाने आलाय!"

"पथकाला शब्द दिलाय," एक काका म्हणाले. "मंडळाची इज्जत आहे."

"पुण्य पदरात पडलं समज," दुसरे म्हणाले.

आणि बाबा! सख्खा बाप! म्हणाले, "झालं ते झालं. पाच तारखेपर्यंत फी तुझ्याकडे आली नाही, हे तर खरं ना? आता वाद नको. मोठ्यांचं ऐकावं. सोमवारपासून क्लास."

"नाही!"

असा आवाज माझ्या तोंडून निघाला, की पोहे खाणारे हात वाटीतच राहिले.

"क्लासला मी जाणार नाही. पाळणाघर बंद करणार नाही. फी वेळेवर आली होती, बाबा, एकूण एक! माझा नियम चालला. चुकलं ते माझं चिकटवणं, त्याची शिक्षा पोरांना नाही. हे त्यांच्या दुधाचे पैसे आहेत. यातून तुमचे ढोल वाजणार असतील तर खुशाल वाजवा. पण मग उद्यापासून पोरं मंडळाने सांभाळायची! नाना, ओम-सोम तुमच्याकडे, सकाळी साडेनऊ ते दिवेलागण. दुपारी झोपवायचं. आताच सांगून ठेवते, ते झोपत नाहीत! काका, तुमची नात भिंतीवर चित्रं काढते आणि मग चाटते. रोज! कोण तयार आहे, हात वर करा! करा ना!"

एकही हात वर गेला नाही.

नानांनी टेबलाखाली पाहिलं. तिथे ओम आणि सोम पथकाच्या करारावर पोहे मळत होते. बाबांनी मुकाट्याने फोन काढला आणि एकेकाचे पस्तीसशे माझ्या खात्यात पाठवायला सुरुवात केली. ज्या माणसांनी जन्मात मला वाक्य पूर्ण करू दिलं नव्हतं, ती सगळी माना खाली घालून गप्प! मला वाटलं, याला म्हणतात मुद्देसूद बोलणं. शिक्षणाचं तेज!

एवढ्यात शालीतले वर्माजी चिंटूला मागे सरकवत अगदी हळू आवाजात म्हणाले, "मैडम, बात आपकी सोलह आने सही है। बस वो नारियल नीचे रख दीजिए। नाना जी कब से सिर बचा रहे हैं।"